वळू तयार आहेत, अडलंय पेशी वाढवण्यात

शुक्राणूची एक मर्यादा सहसा आपल्या लक्षात येत नाही: तो वाढवता येत नाही. एका शुक्राणूचे दोन होत नाहीत. त्याच्याकडे गुणसूत्रांचा अर्धाच संच असतो, पेशीतला बहुतेक द्रव आधीच गळून गेलेला असतो आणि उरलेली रचना एकाच प्रवासासाठी असते. त्यामुळे एखाद्या उत्तम वळूचं रेत द्रव नायट्रोजनमध्ये उणे 196 अंश सेल्सिअसला जपून ठेवलं, तरी तो साठा मोजक्या कांड्यांचाच, म्हणजे रेत भरलेल्या बारीक नळ्यांचाच असतो. एक कांडी वापरली की एक कमी. वळू मेला की भर पडणंही बंद.

पण मग वळू रोज काही अब्ज शुक्राणू तयार करतो, तेही वर्षानुवर्षं, ते कशाच्या बळावर? त्याच्या वृषणात अगदी थोड्या संख्येने असलेल्या शुक्राणूजनक मूळ पेशींच्या बळावर. या पेशी विभागतात, स्वतःची संख्या राखतात आणि शुक्राणूही पुरवत राहतात. त्या शरीराबाहेर जगवून हव्या तेवढ्या वाढवता आल्या, तर एका जनावराचा वंश त्याच्या आयुष्यावर आणि कांड्यांच्या साठ्यावर अवलंबून राहणार नाही. उंदराच्या बाबतीत हे 2003 मध्येच जमलं. गाय, शेळी, मेंढी, डुक्कर यांच्या बाबतीत एवढ्या वर्षांनीही तितकं जमलेलं नाही. उंदराची कृती वळूला का लागू पडत नाही, हा मला या विषयातला सगळ्यात रंजक भाग वाटतो. पण त्यासाठी आधी ही पेशी राहते कुठे ते पाहायला हवं.

नलिकेच्या कडेला

वृषणाच्या आत बारीक नलिकांचा गुंता असतो. मूळ पेशी या नलिकांच्या बाहेरच्या कडेला, तळाच्या पातळ पडद्याला चिकटून असतात. त्यांच्यापासून झालेल्या पेशी परिपक्व होत जातात तशा नलिकेच्या पोकळीकडे सरकतात. वाटेत गुणसूत्रांची संख्या निम्मी होते, शेपूट फुटते आणि शेवटी शुक्राणू पोकळीत सुटतो. वळूमध्ये हा प्रवास 61 दिवसांचा, उंदरात 35 दिवसांचा, डुकरात साधारण 40 दिवसांचा असतो. हे वेळापत्रक शुक्राणू बनणाऱ्या पेशीतच लिहिलेलं असतं. घुशीच्या जातीच्या मोठ्या उंदराच्या, म्हणजे रॅटच्या, पेशी छोट्या उंदराच्या वृषणात सोडल्या तेव्हा त्या तिथे वाढल्या, पण गती रॅटचीच ठेवली. यजमानाच्या घाईचा त्यांच्यावर काही परिणाम झाला नाही.

उंदराच्या एका वृषणात अशा मूळ पेशी किती असतात? अंदाज आहे सुमारे 35,000 चा. आकडा मोठा वाटतो, पण शुक्राणू बनण्याच्या वेगवेगळ्या टप्प्यांवरच्या पेशी तिथे दहा कोटींच्या घरात असतात. म्हणजे दर दहा हजारांत तीन.

प्रत्येक मूळ पेशीपुढे कायम दोन वाटा असतात. एक तर विभागून पुन्हा मूळ पेशीच राहायचं, नाहीतर शुक्राणू होण्याच्या वाटेला लागायचं. त्या वाटेला लागलेली पेशी सहसा मागे फिरत नाही. शेतकरी पिकातलं थोडं बी पुढच्या पेरणीसाठी बाजूला काढतो. सगळंच विकून टाकलं तर पुढच्या हंगामात शेत रिकामं राहील आणि सगळंच राखून ठेवलं तर हाती काही येणार नाही. वृषणात हा हिशेब रोज चालू असतो.

हिशेब ठेवण्याचं मोठं काम शेजारच्या सर्टोली पेशी करतात. त्या वाढणाऱ्या पेशींना आधार देतात, पोसतात आणि जीडीएनएफ नावाचं प्रथिन सोडतात. हे प्रथिन 1993 मध्ये मेंदूतल्या चेतापेशींना जगवणारा घटक म्हणून सापडलं होतं. वृषणातलं त्याचं काम 2000 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगातून उघड झालं. ज्या उंदरांमध्ये त्याच्या जनुकाची एकच प्रत होती, त्यांच्यातल्या मूळ पेशी हळूहळू संपत गेल्या. ज्यांच्यात ते गरजेपेक्षा जास्त बनत होतं, त्यांच्या नलिकांमध्ये अपरिपक्व पेशींचे ढीग साचले आणि शुक्राणू बनेनात. पेशीला ‘अजून थांब, मूळ पेशीच राहा’ असं सांगणारा संकेत सापडला होता. प्रयोगशाळेत पेशी वाढवायची तर नेमका हाच संकेत हवा असतो.

उंदराने घालून दिलेली वाट

याआधी 1994 मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात राल्फ ब्रिन्स्टर आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला होता. एका उंदराच्या वृषणातल्या पेशी त्यांनी दुसऱ्या उंदराच्या नलिकांमध्ये सोडल्या. त्या दुसऱ्याच्या वृषणात स्वतःच्या शुक्राणूजनक पेशी नव्हत्या. आलेल्या मूळ पेशी नलिकेच्या पोकळीतून वाट काढत कडेला जाऊन बसल्या, तिथे वाढल्या, शुक्राणू बनू लागले आणि पिल्लंही झाली. पिल्लांचा जैविक बाप पहिला उंदीर होता.

त्या प्रयोगातून एक मोजपट्टीही मिळाली. मूळ पेशी दिसण्यावरून ओळखता येत नाही. तिच्या नुकत्याच वेगळ्या झालेल्या लेकी हुबेहूब तिच्यासारख्या दिसतात. दुसऱ्याच्या वृषणात जाऊन घर करणं आणि नव्याने शुक्राणूनिर्मिती सुरू करणं हे मात्र फक्त मूळ पेशीलाच जमतं. दात्याच्या पेशी रंगाने निळ्या दिसतील अशी जनुकीय खूण केलेली असेल, तर दोन-तीन महिन्यांनी यजमानाच्या वृषणात निळे पट्टे दिसतात. जितके पट्टे, तितक्या मूळ पेशी स्थिरावल्या.

मग 2003 मध्ये जपानमध्ये ताकाशी शिनोहारा आणि मितो कानात्सू-शिनोहारा यांच्या गटाने नवजात उंदरांच्या या पेशी जीडीएनएफ आणि इतर वाढघटकांच्या मदतीने दीर्घकाळ वाढवून दाखवल्या. पुढच्याच वर्षी ब्रिन्स्टर यांच्या प्रयोगशाळेने सीरम, म्हणजे रक्तातून पेशी काढल्यावर उरणारा द्रव, न वापरता ते केलं. त्या पेशी साधारण साडेपाच दिवसांत दुप्पट होत होत्या. दहा वेळा दुप्पट झालं की एका पेशीच्या हजाराहून जास्त होतात, म्हणजे आठ आठवड्यांत हजारपट. जपानी गटाने पेशी दोन वर्षांहून जास्त काळ वाढवत ठेवल्या. सगळ्या पेशी ठेवल्या असत्या तर संख्या 1 वर 85 शून्यं इतकी पट झाली असती, अर्थात कागदावर. एवढ्या वाढीनंतरही त्या पेशींपासून पिल्लं होत होती.

हे वाचून पशुपैदाशीतल्या लोकांच्या मनात काय आलं असेल ते सांगायला नको.

वासराच्या पेशी बशीत घेतल्यावर

सुरुवात बहुधा लहान वयाच्या नर वासरापासून होते. वयात न आलेल्या वासराच्या वृषणात पुढच्या टप्प्यांवरच्या पेशी अजून तयारच झालेल्या नसतात, त्यामुळे मूळ पेशींचं प्रमाण तुलनेने जास्त मिळतं. खच्चीकरणात निघालेलं वृषण प्रयोगशाळेत आणायचं, वरचं आवरण काढायचं, आतला भाग बारीक करायचा आणि पेशींना बांधून ठेवणारं जाळं विकरांनी विरघळवायचं. आधी कोलॅजिनेज, मग ट्रिप्सिन, आणि फुटलेल्या पेशींतल्या डीएनएमुळे मिश्रण चिकट होऊ नये म्हणून डीएनेज. गाळून झाल्यावर हाती सगळ्या प्रकारच्या पेशींचा गढूळ काला उरतो.

त्यातून हव्या त्या पेशी वेगळ्या करण्याच्या युक्त्या साध्या आहेत. सर्टोली आणि संयोजी ऊतीच्या पेशी बशीच्या तळाला पटकन चिकटतात, मूळ पेशी सैल राहतात. म्हणून काही तासांनी वरचा द्रव काढून नव्या बशीत घ्यायचा. किंवा घनतेच्या थरांतून फिरवायचं. किंवा पेशीच्या पृष्ठभागावर बसणाऱ्या एखाद्या रेणूचा वापर करायचा. गाय आणि डुकराच्या या पेशी ओळखायला वापरलं जाणारं एक नेहमीचं प्रथिन कुळथाच्या दाण्यातून काढतात, ही माझी आवडती बारीकसारीक माहिती. कुळथातलं ते प्रथिन एका विशिष्ट शर्करेला चिकटतं आणि वासराच्या अपरिपक्व शुक्राणूजनक पेशींवर ती शर्करा असते.

इथपर्यंत ठीक. गाडी अडते ती यानंतर.

पहिली अडचण शेजाऱ्यांची. कितीही गाळलं तरी काही संयोजी पेशी सोबत येतातच, आणि त्या मूळ पेशींपेक्षा कितीतरी झपाट्याने वाढतात. काही आठवड्यांत बशी भरून जाते, पण भलत्याच पेशींनी. पेशीसंवर्धनात सर्रास वापरलं जाणारं सीरम इथे उलटं काम करतं, कारण त्यावर संयोजी पेशी फोफावतात. गंमत अशी की हे सीरम बहुतेक वेळा गाईच्याच गर्भातल्या वासराचं असतं, पण म्हणून वासराच्या मूळ पेशींना ते मानवतं असं नाही.

दुसरी अडचण पाककृतीची. मूळ पेशींना खाली जिवंत पेशींचा एक थर लागतो. हा थर पुढे विभागणार नाही अशी आधीच प्रक्रिया केलेली असते. तो फक्त आधार देतो आणि उपयोगी घटक सोडतो. उंदरासाठी उंदराच्या गर्भातल्या पेशींचा थर चालतो. वासराच्या पेशी त्यावर नीट तग धरत नाहीत. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातल्या जॉन ओटली यांच्या गटाने 2016 मध्ये गाईच्या गर्भातल्या पेशींचा थर आणि सीरमरहित माध्यम (पेशी ज्यात वाढतात तो पोषक द्रव) वापरल्यावर निकाल सुधारतात असं दाखवलं. याचा अर्थ वृषणातला संवाद काही अंशी प्रजातीच्या बोलीत चालतो. जीडीएनएफचं बटण गाईतही आहे, पण त्याच्यासोबत आणखी काय काय दाबावं लागतं याची पूर्ण यादी अजून हाती नाही.

हवेतल्या ऑक्सिजनचाही मुद्दा आहे. मूळ पेशी नलिकेच्या आत ज्या वातावरणात राहते त्यापेक्षा प्रयोगशाळेच्या इनक्युबेटरमध्ये ऑक्सिजन बराच जास्त असतो. उंदराच्या पेशींवर 2017 मध्ये झालेल्या कामात ऑक्सिजन कमी ठेवला आणि पेशीला मुख्यतः साखर फोडून ऊर्जा मिळवायला लावलं, तेव्हा मूळ पेशींचे गुण जास्त चांगले टिकले. पाळीव जनावरांत हा धागा धरून पुढे जाणं स्वाभाविक आहे.

वाढल्या, पण मूळ पेशीच का?

तिसरी अडचण मला सगळ्यात मोठी वाटते: बशीत दिसणारा पुंजका मूळ पेशींचाच आहे हे कसं सिद्ध करायचं? शोधनिबंधांत ठरावीक प्रथिनांची नावं येतात. पेशीत ती दिसली की ‘मूळ पेशी’ म्हटलं जातं. पण गाईगुरांमध्ये वापरल्या जाणाऱ्या यातल्या बहुतेक खुणा मूळ पेशीत असतात तशाच तिच्या जवळच्या लेकींतही असतात. खूण दिसली म्हणजे पेशी अपरिपक्व आहे एवढंच कळतं. ती नवं वृषण वसवू शकेल का, ते कळत नाही.

खरी परीक्षा म्हणजे प्रत्यारोपण. उंदरात ते दोन-तीन महिन्यांत उरकतं. वळूत करायचं तर यजमान वळू सांभाळायचा, अल्ट्रासाउंडच्या साहाय्याने वृषणाच्या मधल्या जाळीदार भागात सुई घालून पेशी सोडायच्या, महिनोन्‌महिने थांबायचं. दर वेळी माध्यमातला एक घटक बदलून हे करणं कुणालाही परवडणारं नाही. म्हणून मधला मार्ग काढतात: गाईच्या किंवा डुकराच्या पेशी प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदराच्या वृषणात सोडतात. तिथे त्या कडेला जाऊन बसतात, काही काळ वाढतात, साखळ्या करतात, पण शुक्राणूपर्यंत पोचत नाहीत, कारण दोन प्रजातींमधलं अंतर फार आहे. रॅटचे शुक्राणू उंदरात बनले, वळूचे बनत नाहीत. म्हणजे परीक्षेचा पहिला पेपर देता येतो, दुसरा नाही. ‘वासराच्या शुक्राणूजनक मूळ पेशी प्रयोगशाळेत यशस्वीपणे वाढवल्या’ अशा बातमीत पेशी किती महिने टिकल्या आणि त्या कोणाच्या वृषणात घालून तपासल्या, हे शोधावं. बऱ्याच बातम्यांत यातलं दुसरं उत्तर नसतंच.

पेशी वाढल्यावर त्यांचं करायचं काय

बशीत पूर्ण शुक्राणू बनवणं हा इथला मुख्य हेतू नाही. जपानमध्ये ताकेहिको ओगावा यांच्या गटाने 2011 मध्ये नवजात उंदराच्या वृषणाचे तुकडे 34 अंशांवर, हवा आणि माध्यम यांच्या सीमेवर ठेवून शुक्राणू मिळवले आणि त्यांपासून पिल्लंही झाली. कौतुकाचं काम आहे. पण वळूच्या वृषणात फुकट आणि अब्जावधींनी होणारी गोष्ट बशीत थोडीथोडकी करण्यात पशुपैदाशीला फारसा अर्थ नाही. बशीत फक्त मूळ पेशी वाढवायच्या, बाकीचं काम दुसऱ्या नराच्या वृषणावर सोपवायचं.

हा दुसरा नर म्हणजे सरोगेट. त्याच्या नलिका शाबूत हव्यात, सर्टोली पेशी ठणठणीत हव्यात, पण स्वतःच्या शुक्राणूजनक पेशी मात्र नकोत. उंदरात बुसल्फान हे औषध देऊन त्या नष्ट करतात; मोठ्या जनावरात हे औषध धोक्याचं ठरतं, आणि किरणोत्साराने काम अर्धवट होतं. तोडगा निघाला तो नॅनोस2 या जनुकातून. नरामध्ये हे जनुक बंद केलं तर शुक्राणूजनक पेशी टिकत नाहीत; बाकी वृषण, हार्मोन आणि नराचं वागणं नेहमीसारखंच राहतं. मादीत ते बंद असलं तरी तिची प्रजननक्षमता शाबूत राहते, म्हणून अशी जनावरं पैदाशीने पुढेही मिळवता येतात.

ओटली यांच्या गटाने स्कॉटलंडची रोझलिन इन्स्टिट्यूट आणि अमेरिकेतल्या इतर विद्यापीठांसोबत 2020 मध्ये असे उंदीर, डुक्कर, बोकड आणि वळू तयार केल्याचं जाहीर केलं. सरोगेट उंदरांपासून दात्याची पिल्लं झाली. डुक्कर आणि बोकडांच्या वृषणांत दात्याच्या पेशींपासून शुक्राणू बनू लागले. प्रत्यारोपित पेशींपासून बोकडाला करडं होतात हे 2003 मध्येच, जनुकात बदल न केलेल्या बोकडांवर, सिद्ध झालं होतं. तेव्हा यजमान आणि दाता एकमेकांचे नात्यातले नव्हते, तरी शरीराने पेशी नाकारल्या नाहीत. वृषणाच्या आत प्रतिकारयंत्रणेचा पहारा सौम्य असतो, त्याचा हा फायदा.

जनुकातला बदल पिल्लांत जातो का, हा प्रश्न हमखास येतो. बदल सरोगेटच्या शरीरात असतो. शुक्राणू दात्याच्या पेशींपासून बनतात आणि दात्यात काही बदल केलेला नसेल तर पिल्लांतही नसतो. आणखी एक गैरसमज दूर करायला हवा: ही पिल्लं दात्याची हुबेहूब नक्कल नसतात. गुणसूत्रं निम्मी होताना जनुकांची अदलाबदल नेहमीप्रमाणेच होते, त्यामुळे प्रत्येक शुक्राणू वेगळा असतो.

उपयोग कुठे? कृत्रिम रेतन दुभत्या गाईंमध्ये सहज चालतं, कारण त्या रोज हाताखाली असतात. मोकळ्या माळरानावर चरणाऱ्या मोठ्या कळपात प्रत्येक गाईचा माज ओळखून तिला पकडून रेतन करणं अवघड. तिथे सरोगेट वळू सोडला की तो नैसर्गिकपणे फिरेल आणि वासरं मात्र निवडलेल्या दात्याची होतील. दुर्मीळ जातींसाठी दुसरा उपयोग आहे. वयात येण्याआधी मेलेल्या नराकडून रेत मिळत नाही, मूळ पेशी मिळू शकतात. त्या गोठवूनही टिकतात: 23 वर्षांहून अधिक काळ गोठवलेल्या रॅटच्या पेशींनी उंदराच्या वृषणात पुन्हा शुक्राणूनिर्मिती सुरू केल्याचं 2022 मध्ये प्रसिद्ध झालं. फक्त, ताज्या पेशींच्या तुलनेत त्या परिपक्वतेच्या शेवटच्या टप्प्यापर्यंत कमी प्रमाणात पोचल्या.

पण एका वासराच्या वृषणातून निघणाऱ्या पेशी थोड्याच सरोगेटांना पुरतात. दहा, शंभर सरोगेट वसवायचे तर मधे बशीतली वाढ हवीच.

आणि ती वाढ साधली तर? इथे एक जुनं उदाहरण आठवतं. 1962 मध्ये अमेरिकेत जन्मलेला पॉनी फार्म अर्लिंडा चीफ हा होल्स्टीन वळू दुधाच्या बाबतीत अफाट निघाला. त्याच्या मुली 16,000 च्या घरात होत्या, नाती 5 लाखांच्या आणि पणत्या 20 लाखांच्या वर. त्याच्या एका जनुकात दोष होता. तो दोष आई आणि बाप दोघांकडून मिळाला तर गर्भ पोटातच मरतो. 2011 मध्ये जनुकीय माहितीतून या दोषाचा सुगावा लागला, तोवर जगभरात अंदाजे 5 लाख गर्भपात होऊन गेले होते. चीफकडे फक्त रेतकांड्या होत्या. अमर्याद वाढणाऱ्या मूळ पेशी हाताशी असतील तर हाच पसारा आणखी वेगाने होईल, आणि तो थोपवायचा तर पैदास करणाऱ्यांनी एकाच दात्याला डोक्यावर घेणं सोडायला हवं, जे त्यांनी आजवर सहजी केलेलं नाही.

मात्र चीफच्या काळात नसलेली एक सोय इथे आहे. मूळ पेशींची बशी वाढत असतानाच तिच्यातल्या काही पेशी काढून त्यांची जनुकं पूर्ण वाचता येतात. दाता कोणत्या दोषांचा वाहक आहे, बशीत वाढताना गुणसूत्रं तुटली-जुळली आहेत का, हे पेशी सरोगेटमध्ये जाण्याआधीच कळू शकतं. रेतकांडीतला शुक्राणू असा पूर्ण वाचला तर तो संपतो, पुढे वापरता येत नाही.